इंग्रजीत हायफन कुठे द्यायचा? या चुका टाळा

'वेल-नोन' या शब्दात हायफन (शब्द जोडणारी छोटी आडवी रेघ) असतो का? असा सुटा प्रश्न विचारला की घोटाळा सुरू होतो. शब्द वाक्यात कुठे बसलाय ते आधी पाहायचं. 'अ वेल-नोन ऑथर' लिहिताना हायफन हवा, कारण दोन शब्द मिळून पुढच्या नामाचं एकच विशेषण झालंय. 'द ऑथर इज वेल नोन' लिहिताना सहसा लागत नाही. नाम आधीच येऊन गेलेलं असतं, कोणता शब्द कुणाला चिकटतो याचा गोंधळ उरत नाही.

तो गोंधळ काय थराला जातो? 'मॅन-ईटिंग शार्क' म्हणजे नरभक्षक शार्क. हायफन गाळा, की शार्कवर ताव मारणारा माणूस! 'हाय स्कूल स्टुडंट'सारखी जोडी मात्र सगळ्यांच्या ओळखीची असते, तिथे हायफनवाचून काही अडत नाही.

नियम कळल्यावर दिसेल तिथे हायफन ठोकायचा, ही पुढची चूक. 'हायली-पेड' चूक, 'हायली पेड' बरोबर: शेवटी 'एल-वाय' असलेलं क्रियाविशेषण आपोआपच पुढच्या शब्दाला चिकटतं. पण शेवटी 'एल-वाय' दिसलं म्हणून फसू नका. 'फॅमिली' हे नाम आहे, म्हणून 'फॅमिली-ओन्ड बिझनेस'मध्ये हायफन राहतो.

वय लिहिताना दोन चुका जोडीने येतात. 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय' यात दोन हायफन आणि 'इयर' एकवचनी. 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड' यात हायफन नाही आणि 'इयर्स' अनेकवचनी.

ऑफिसच्या मेलमध्ये हमखास दिसणारी चूक म्हणजे 'प्लीज फॉलो-अप'. इथे ते क्रियापद आहे, म्हणून 'फॉलो अप' सुटं. 'अ फॉलो-अप' हे नाम, तिथे हायफन. 'लॉग इन' आणि 'लॉगिन' यांचंही तसंच: क्रियापद सुटं, नाम जोडून. शंका आली तर भूतकाळ करून पाहा. 'लॉग्ड इन' होतं, म्हणजे क्रियापद तोडूनच लिहायचं. स्पेलचेकच्या भरवशावर राहू नका. सुटे शब्द बरोबरच असल्याने तो बऱ्याचदा गप्प बसतो.

सगळ्यात महागात पडेल असा हायफन 'री-साइन'मधला. तो असेल तर करारावर पुन्हा सही, नसेल तर त्याच अक्षरांचा होतो 'रिझाइन', म्हणजे थेट राजीनामा. खेळाडूच्या बातमीत हा फरक किती मोठा, ते सांगायला नको.

नामांना मात्र तर्क लावत बसू नका, सरळ शब्दकोश उघडा, आणि तोही ताजा. 'शॉर्टर ऑक्सफर्ड' या इंग्रजी शब्दकोशाच्या २००७ च्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले. 'बम्बलबी' जोडून झाला, 'आइस क्रीम' तुटून दोन शब्द झाले. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०११ मध्ये 'ई-मेल'चा 'ईमेल' केला. त्यामुळे शाळेत पाठ केलेलं रूप आज चालेलच असं नाही. दोन्ही रूपं प्रचलित असतील तर एक निवडा आणि अख्ख्या मजकुरात तेच ठेवा.