टोलचा दंड साचत चाललाय? आधी एसएमएसवरची वेळ बघणं सोडा

बूथमधला मुलगा खिडकीतून वाकून म्हणतो, “साहेब, ब्लॅकलिस्ट दाखवतंय.” म्हणजे फास्टॅग बंद. मागून हॉर्न सुरू होतात, शेजारच्या सीटवरून “देऊन टाका ना” येतं आणि आपण पाकीट काढतो. घरी आल्यावर कुणीतरी हमखास सांगतं, “रिचार्ज मारायचा, सुटतं सगळं.” या सल्ल्याने माझं डोकं फिरतं. घरच्या दोन गाड्या आणि मेहुण्याची टेम्पो ट्रॅव्हलर, तिघींचे फास्टॅग मीच सांभाळतो, आणि आजवर अडकलेल्या टॅगांपैकी निम्म्या वेळा तरी बॅलन्स व्यवस्थित होता. कारण भलतंच असतं, आपण त्यावर पैसे ओततो, आणि पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच.

पहिलं काम: नाक्यावर कमीत कमी पैसे देऊन सुटणं

बूथवर भांडू नका. तिथल्या मुलाच्या हातात तुमचा टॅग चालू करणं नसतं. राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासून नियम असा आला, की टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट. म्हणजे १०० रुपयांच्या टोलला रोख २०० आणि यूपीआयने १२५. तरीही लोक सवयीने पाकिटाला हात घालतात. क्यूआर कोड मागा. राज्याच्या रस्त्यांचं वेगळं आहे: सार्वजनिक बांधकाम खातं आणि रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि टॅग नसला तर दुप्पट. तिथे सव्वापटीचा हिशोब सांगत बसू नका.

पावती घेतल्याशिवाय लेन सोडायची नाही. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ बरोबर छापलीय का, ते बूम (समोरचा आडवा दांडा) उघडायच्या आधी बघा आणि लगेच फोटो काढा. ती थर्मल पावती असते. डॅशबोर्डवर उन्हात राहिली की कोरी होते, आणि कोरी पावती कुठल्याच तक्रारीला चालत नाही.

एक अपवाद मात्र माहीत हवा. टॅग चालू आहे, बॅलन्स आहे आणि नाक्याचंच मशीन बंद पडलंय, तर राष्ट्रीय महामार्गावर तुम्हाला पैसे न घेता सोडायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असा नियम २०१८ पासून आहे. हे मागायचं असेल तर फोनवर टॅगची स्थिती उघडून दाखवा आणि शांतपणे मागा. बॅलन्स नसताना हा नियम ऐकवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्यामुळे बूथवरच्यांचा खऱ्या माणसावरही विश्वास राहत नाही.

दुसरं: पुढच्या नाक्याआधी गाडी बाजूला घ्या

दंड साचतो तो असा. पुण्याहून कोल्हापूरला निघालात तर खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात. पहिल्यावर अडकलात आणि “घरी जाऊन बघू” म्हणत तसेच पुढे गेलात, तर एकाच चुकीचा दंड चार वेळा, आणि येताना पुन्हा चार वेळा. चहाला थांबायचंच असतं ना? मग पहिल्या नाक्यानंतर थांबा आणि तिसरं काम तिथेच उरका.

तिसरं: खरं कारण शोधा

बँकेचं अ‍ॅप बॅलन्स दाखवतं आणि आपण समाधान मानतो. त्यावर जाऊ नका. एनपीसीआय, म्हणजे फास्टॅगची व्यवहार यंत्रणा चालवणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर एनईटीसी फास्टॅगची (टोल वसुलीच्या त्या यंत्रणेचं नाव) स्थिती बघायची सोय आहे. गाडीचा नंबर टाकला की टॅग कुठल्या बँकेचा आणि चालू की बंद, ते कळतं. मेहुण्याच्या गाडीवर असे दोन टॅग निघाले होते. आधीच्या मालकाचा जुना आणि ह्याने घेतलेला नवा. काचेवर चिकटलेला होता जुना आणि हा महिनाभर नव्यात पैसे भरत होता.

“एक वाहन, एक फास्टॅग” हे धोरण आल्यापासून नवा टॅग निघाला की जुना बंद पडतो. केवायसी अपुरी असली तरी टॅग अडकतो. नवी गाडी असेल तर आणखी एक खाच आहे. शोरूममधून टॅग चासी नंबरवर निघतो आणि खरा नंबर मिळाला की तो गाडी घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत बँकेकडे नोंदवावा लागतो. नवी कोरी गाडी तीन-चार महिन्यांनी अचानक ब्लॅकलिस्ट झाली, तर बहुतेक वेळा हेच. टॅग काचेला न चिकटवता हातात धरून दाखवत असाल, तर त्याबद्दल वेगळं काही सांगत नाही, चिकटवा. बॅलन्सच कमी असेल तर भरा आणि दहा-पंधरा मिनिटांनी स्थिती पुन्हा बघा.

इथे एका व्हॉट्सअ‍ॅपी अफवेचा समाचार घेतो. “आता टोलच्या तासभर आधी रिचार्ज केला नाही तर दंडच,” असा मेसेज फेब्रुवारी २०२५ मध्ये घरोघर फिरला. मूळ परिपत्रक एनपीसीआयचं होतं आणि त्यात रीडरने (नाक्यावरच्या टॅग वाचणाऱ्या यंत्राने) टॅग वाचायच्या आधीची ६० मिनिटं आणि नंतरची १० मिनिटं असा उल्लेख होता, हे खरं. पण महामार्ग प्राधिकरणाने तेव्हाच खुलासा केला, की ते दोन बँकांमधल्या वादांसाठी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांना टॅगची स्थिती जागच्या जागी कळते, त्यामुळे नाका ओलांडायच्या आधी कधीही रिचार्ज करता येतो. काही राज्य मार्गांवर मात्र बंद टॅगची यादी ठराविक वेळाने उतरवून घेणारी जुनी पद्धत होती. तिथे आत्ताचा रिचार्ज आत्ता दिसेलच असं धरू नका.

चौथं: तक्रार, आणि इथेच सगळे आपटतात

मीही आपटलो. एका नाक्यावर सकाळी ब्लॅकलिस्ट म्हणून दुप्पट रोख भरली. आदल्या रात्रीच रिचार्ज केला होता, तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी एसएमएस आला: त्याच नाक्याचा टोल टॅगमधूनही कापला. गाडी तर खाली पार्किंगमध्ये उभी! मी तावातावाने तक्रार लिहिली. “३ वाजून १० मिनिटांनी माझी गाडी घरी होती, हा घ्या सोसायटीच्या सीसीटीव्हीचा पुरावा.” वॉचमनला चहा पाजून फुटेज मिळवलं होतं. आठवड्याभरात उत्तर आलं: तक्रार फेटाळली, व्यवहार वैध.

आणि ते बरोबर होतं. एसएमएसवर असते ती पैसे कापल्याची वेळ. नाक्याच्या रीडरने टॅग कधी वाचला, ती वेळ वेगळी; तिला रीडर रीड टाइम म्हणतात आणि ती बँकेच्या फास्टॅग पोर्टलवरच्या स्टेटमेंटमध्ये मिळते. माझी होती आदल्या दिवशी सकाळी ९ वाजून ४२ मिनिटं. त्या वेळी मी खरोखरच त्या लेनमध्ये उभा होतो! सीसीटीव्हीतून मी फक्त एवढंच सिद्ध केलं होतं, की दुसऱ्या दिवशी मी घरी झोपलो होतो.

दुसरी तक्रार चार ओळींची लिहिली. टॅग वाचल्याची वेळ ९:४२, रोख पावतीवरची वेळ ९:४४, नाका तोच, लेन तीच, एकाच फेरीचे दोनदा पैसे घेतले. सोबत पावतीचा फोटो आणि व्यवहार क्रमांक. टॅगमधून कापलेले पैसे परत आले. वरचे दुप्पटीचे परत मिळाले नाहीत, कारण रिचार्ज नाक्याच्या यादीत पोचायच्या आधीच मी तिथे पोचलो होतो, आणि ते नाही म्हणणं मला मोडून काढता आलं नाही.

तेव्हापासून माझा दंडक ठरलेला आहे. एसएमएस आला की आधी स्टेटमेंट उघडायचं, रीड टाइम कागदावर लिहायचा, आणि त्या क्षणी गाडी कुठे होती हे स्वतःलाच विचारायचं. उत्तरावरून तक्रारीचा प्रकार ठरतो. गाडी त्याच नाक्यावर होती आणि पैसे दोन वाटांनी गेले, तर “दोनदा वसुली”. गाडी तिथे होती पण कारऐवजी मोठ्या वाहनाचा दर लावला, तर “चुकीचा वाहनवर्ग”, आणि पुरावा म्हणून आरसी, गाडीचा समोरून फोटो आणि चाकं दिसतील असा बाजूने फोटो. गाडी त्या वेळी तिथे नव्हतीच, तर “चुकीची कपात”. सीसीटीव्ही चालतो तो फक्त इथे. तिन्ही एकाच अर्जात कोंबू नका. “माझ्यावर अन्याय झाला आहे, पैसे परत करावेत” अशी सुरुवात करणारी पानभर पत्रं लोक मला दाखवायला आणतात. त्यात सगळं असतं, व्यवहार क्रमांक सोडून.

तक्रार कुठे करायची, यातही घोळ होतो. टॅग ज्या बँकेने दिला तिच्याकडे करा. नाक्याच्या ऑफिसात नाही, नाक्याच्या मॅनेजरला फोनवर नाही. त्याच्याशी भांडण्यात मी एकदा अर्धी दुपार घालवली. मागे फोनवर बोलणाऱ्या माणसाने हात हलवून मला खुर्ची दाखवली, तेवढंच काय ते मिळालं. राष्ट्रीय महामार्गावरची बाब असेल तर १०३३ या हेल्पलाइनवरही नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. गाडी नसताना कापलेले पैसे पुष्कळदा हाताने चुकीचा नंबर टाकल्यामुळे जातात, आणि अशा प्रत्येक खोट्या नोंदीसाठी नाका चालवणाऱ्यावर १ लाख रुपये दंड लावायला महामार्गाच्या यंत्रणेने घेतलंय. त्यामुळे रक्कम ४५ रुपये असली तरी सोडू नका.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फुकट आहे, वकील लागत नाही. पण आधी बँकेकडे केल्याचा पुरावा लागतो, म्हणून पहिली तक्रार फोनवर करून मोकळे होऊ नका; लेखी करा.

पाचवं: थकबाकीची नोटीस आली असेल तर

सुरतजवळच्या चोर्यासीसारख्या नाक्यांपासून बूम नसलेल्या टोलची तयारी सुरू झाली. गाडी थांबत नाही. कॅमेरा नंबर टिपतो, रीडर टॅग वाचतो आणि पैसे मिळाले नाहीत तर थकबाकी गाडीच्या नावावर चढते. इथे बूथवर मिटवायची सोयच नाही, म्हणून नोटीस उघडा, तिच्यातली मुदत बघा आणि मुदतीच्या आत एकतर भरा किंवा हरकत घ्या. हरकतीची रीत तीच: रीड टाइम, ठिकाण, पुरावा.

“बघू, विकताना मिटवू” म्हणणाऱ्यांसाठी: जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. टोलची थकबाकी असेल तर गाडीच्या हस्तांतरासाठीचं ना-हरकत प्रमाणपत्र अडतं, फिटनेसचं नूतनीकरण अडतं आणि धंद्याच्या गाडीचा नॅशनल परमिटही अडतो. मेहुण्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. टूरची गाडी फिटनेसविना दारात उभी राहिली की एका दिवसाचं भाडं बुडतं, त्यात किती टोल बसतात ते तुम्हीच मोजा.

हे वाहतूक पोलिसांच्या ई-चलनापेक्षा वेगळं आहे; एक भरलं म्हणून दुसरं मिटत नाही. आणि “टोल थकला, लिंकवर भरा” असा अनोळखी नंबरवरून आलेला मेसेज, त्यात एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) असेल तर बघायलाच नको, सरळ उडवा. खरी थकबाकी असेल तर ती बँकेच्या पोर्टलवर किंवा सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊनही दिसते.

जाता जाता

फास्टॅगचा वार्षिक पास घेतलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवा, की तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरताच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे राज्याचे रस्ते. तिथे नेहमीसारखेच पैसे कापले जातात आणि वॉलेट रिकामं असेल तर “माझ्याकडे पास आहे” म्हणून काही होत नाही.

गाडी विकलीत तर चावी देण्याआधी टॅग काचेवरून खरवडून काढा आणि बँकेला लेखी कळवून खातं बंद करा. ठेवीची रक्कमही परत मिळते. मेहुण्याच्या गाडीवरच्या त्या जुन्या टॅगचा मालक आम्ही पुढे शोधून काढला. फोन केला तेव्हा त्याला आधी वाटलं, आम्हीच पैसे मागतोय.