भाटकाराच्या गाडीतून मुंडकाराच्या घरी जाऊ नका

समाजशास्त्रात एम.ए. करून गोव्यातच पीएच.डी. करू पाहणाऱ्यांना नियम सांगत बसत नाही. 2022 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे किमान 3 वर्षं, कमाल 6 आणि कोर्सवर्कचे निदान 12 श्रेयांक, हे तुम्ही वाचलेलंच असणार. एवढंच लक्षात ठेवा: जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, नसेल, तर नेट या पात्रता परीक्षेचा गुण पीएच.डी. प्रवेशाला एकच वर्ष चालतो. आणि घरी पैशांची ओढाताण असेल, तर जेआरएफशिवाय पूर्णवेळ उडी घेऊ नका. महिन्याला 37,000 मिळणं आणि काहीच न मिळणं, यात प्रबंध पुरा होणं किंवा अर्ध्यावर सुटणं एवढा फरक पडतो.

खरं बोलायचंय ते फील्डवर्कबद्दल.

माझा विषय मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचा. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही, आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. तरी मामलेदाराकडे अर्जच न केलेली घरं गावोगाव आहेत. का नाही केला, हाच माझा प्रश्न. गावात ओळख कोणाची? आपल्याला ओळखणारा माणूस बहुतेक शिकलेला, बरा खाऊनपिऊन असलेला, म्हणजे बऱ्याचदा भाटकाराच्याच घरातला. तो प्रेमाने चहा देतो, स्वतः गाडी काढतो आणि वाड्यावर, म्हणजे मुंडकारांच्या वस्तीत, नेऊन सोडतो. इथेच मी अडकले.

भाटकाराच्या गाडीतून उतरलेल्या मुलीला मुंडकार काय सांगणार? "भाटकार बरो मनीस, आमकां कसलोच त्रास ना." मुलाखतीमागून मुलाखती याच सुराच्या. वहीत सगळं शांत, सगळं समाधानी. ही माणसं खोटं बोलत होती असं नाही. अंगणातला माड पाडायला, घराचं छप्पर बदलायला ज्याची परवानगी मागायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागलीय, त्याच्या पाहुणीसमोर दुसरं बोलणं शहाणपणाचं नव्हतं. पुढे एका घरी भाटकाराची ओळख न सांगता, स्वयंसहाय्य गटातल्या बाईंबरोबर गेले. त्याच वाड्यावर अर्जाचे, धमक्यांचे, भावाभावांतल्या वाटणीचे विषय निघाले.

गोव्यात हे जास्त जाणवतं, कारण इथे पहिला प्रश्नच असतो: "तूं कोणाली गो?" गाव, वाडा, देऊळ, आडनाव सांगितलं की समोरचा तुमची जागा ठरवतो, आणि काय बोलायचं तेही. म्हणून गावात निदान दोन-तीन वेगळ्या दारांनी शिरा. पंच, अंगणवाडीच्या बाई, पोदेर (पाववाला), कोणीही चालेल. पण ती माणसं एकमेकांच्या गटातली नसावीत. कोण कोणाच्या ओळखीने भेटलं, याची वेगळी नोंद ठेवा. प्रबंधात ती लिहा. परीक्षक विचारतातच.

गूगल फॉर्म वाटून 'डेटा' जमवणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. मुंडकाराची म्हातारी आई फॉर्म भरणार नाही, आणि तिच्याशिवाय या विषयाला अर्थ नाही. कोंकणी मुलाखती स्वतः ऐकून उतरवा. कंटाळा येतो, पाठ मोडते, पण थांबलेला श्वासही तेव्हाच ऐकू येतो.

मार्गदर्शक नावाजलेला नसला तरी चालेल. तुमचा मसुदा महिनाभरात वाचून, समासात पेन चालवून परत देतो का, हे त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. नुसतं "छान चाललंय" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

घाबरू नका, पहिल्या वर्षी काहीच हाती लागत नाही असं सगळ्यांनाच वाटतं. त्या काळात पणजीच्या पुराभिलेखागारात बसा. 1961 पूर्वीचे बरेच कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, काही मोडी लिपीत. वाचण्यापुरती पोर्तुगीज कोर्सवर्क चालू असतानाच सुरू करा. फील्ड सुरू झालं की वेळ मिळत नाही.