गायीच्या रक्तावर पीडी-एल१ अडवण्याची चाचणी: नमुन्यापासून निकालापर्यंत

जॉन्स रोग (आतड्यांचा जिवाणूजन्य आजार), अ‍ॅनाप्लाझ्मा (गोचिडांतून पसरणारा जिवाणू), बोव्हाइन ल्युकेमिया विषाणू अशा रेंगाळणाऱ्या आजारांत गायीच्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) संपलेल्या नसतात, थकलेल्या असतात. त्यांच्यावर पीडी-१ हा रिसेप्टर (संदेश घेणारं प्रथिन) वाढतो आणि दुसऱ्या पेशीवरचा पीडी-एल१ (त्याच्या जोडीचं प्रथिन) त्याला चिकटला की टी-पेशीचं काम मंदावतं. ही जोडी प्रतिपिंडाने (नेमक्या एका रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाने) अडवली तर ती टी-पेशी पुन्हा इंटरफेरॉन-गॅमा (रोगाशी लढण्याचा संदेश देणारं प्रथिन) सोडू शकते. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या गटाने त्यासाठी रॅट आणि गाय यांच्या प्रतिपिंडांचे भाग जोडून गायीसाठी खास प्रतिपिंडं घडवली. आपल्याकडे गुरांसाठी असं औषध बाजारात मिळत नाही. म्हणून इथे गायीला काही टोचायचं नाही. तिच्या पेशी बाहेर काढून थकवा उतरतो का, एवढंच पाहायचं.

रक्त घेण्याआधी मालकाची संमती आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता हातात असू द्या. मागच्या दोन आठवड्यांत दिलेली औषधंही लिहून ठेवा. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने टी-पेशी दबतात. मेलॉक्सिकॅम या सूज उतरवणाऱ्या औषधाने प्रोस्टाग्लँडिन ई२ कमी होतं आणि हेच द्रव्य पीडी-एल१ वाढवतं, म्हणजे चाचणीच्या मुळावरच त्याचा परिणाम होतो. ही नोंद नसेल तर पुढचा निकाल वाचता येत नाही.

मानेच्या शिरेतून १८ गेजच्या सुईने हेपॅरिनच्या तीन नळ्यांत मिळून ३० मिली रक्त घ्या आणि प्रत्येक नळी हळुवारपणे आठ-दहा वेळा उलटसुलट करा. नळ्या बर्फावर टेकवू नका. थंडीने पेशी एकमेकींना चिकटतात आणि पुढे थर नीट सुटत नाहीत. मे महिन्यात गोव्यातल्या सत्तरीहून किंवा काणकोणहून येणाऱ्या गाडीत थर्मोकोलची पेटी घ्या, जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवा आणि आत थर्मामीटर ठेवा. १८ ते २२ अंश टिकले पाहिजेत. सहा तासांत काम सुरू व्हावं. गोव्यात अंतरं लहान आहेत, तेव्हा उशीर बहुधा रस्त्यामुळे नव्हे, सेंट्रिफ्यूज रिकामं नसल्यामुळे होतो. ते आधीच राखून ठेवा.

गायीचं रक्त माणसाच्या रक्तासारखं नुसतं उभं ठेवून थरांत बसत नाही, कारण तिच्या तांबड्या पेशींच्या चवडी बनत नाहीत. म्हणून आधी १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर) वर २० मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मधला पांढुरका थर काढा, तो पीबीएसमध्ये (खारट बफर द्रवात) सैल करा आणि १.०७७ घनतेच्या द्रवावर अलगद ओता. मग ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की थर ढवळला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. खोली ३० अंशांवर असेल तर पेशी कमी हाती लागतात, त्यामुळे इथे एसी ही चैन नाही. द्रवावर सुटलेला पेशींचा थर उचला, त्यात उरलेल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने पाच मिनिटांत फोडा आणि २५० जी वर दोनदा धुवा, म्हणजे प्लेटलेट वर राहतात. ट्रायपॅन ब्लूत (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगात) ९० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत दिसल्या तर पुढे जाऊ नका. हे सगळं वर्ग दोनच्या जैवसुरक्षा कपाटात करा. ब्रुसेला (माणसालाही लागणारा जिवाणू) नेमकी कोणत्या गायीत आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

पेशी वाढवायला पोषक द्रव आरपीएमआय १६४०, त्यात १० टक्के फीटल बोव्हाइन सिरम (गायीच्या गर्भाच्या रक्तातला द्रव). हे सिरम स्वस्तात घेऊ नका. त्यात बीव्हीडी (गुरांच्या अतिसाराचा) विषाणू असू शकतो आणि आपल्या थाळीत नेमक्या गायीच्याच पेशी असतात. या विषाणूसाठी तपासलेलं, गॅमा किरणांनी प्रक्रिया केलेलं सिरमच मागा.

गोल तळाच्या ९६ खाचांच्या थाळीत प्रत्येक खाचेत २०० मायक्रोलिटरमध्ये ४ लाख पेशी घाला. प्रत्येक प्रकार तीन खाचांत करा: नुसत्या पेशी, रोगाचं प्रतिजन (जंतूचा अंश, ज्याला टी-पेशी ओळखतात) आणि नियंत्रण प्रतिपिंड (काहीही न अडवणारं, तुलनेसाठीचं), प्रतिजन आणि पीडी-एल१ विरुद्धचं प्रतिपिंड, प्रतिजनाशिवाय तेच प्रतिपिंड, आणि ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली कॉनकॅनाव्हालिन ए (टी-पेशींना सरसकट चेतवणारं द्रव्य). दोन्ही प्रतिपिंडं १० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवा. नियंत्रण त्याच जातीचं हवं: रॅटच्या प्रतिपिंडासमोर रॅटचं आयजीजी (रक्तातलं सर्वसाधारण प्रतिपिंड), गायीच्या अंशाच्या प्रतिपिंडासमोर गायीचं. माणसांच्या कर्करोगाची औषधं गायीच्या पीडी-एल१ ला चिकटतीलच असं धरून चालू नका. आधी फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी तपासून तिच्यावर काय चिकटलं ते दाखवणाऱ्या तंत्रात) खात्री करा. न चिकटणारं प्रतिपिंड वापरून “गाय प्रतिसाद देत नाही” असं लिहिणं ही या कामातली सर्वात वाईट चूक आहे.

थाळी ३७ अंशांत, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर सहा दिवस ठेवा. कडेच्या खाचांत फक्त पीबीएस भरा, त्या लवकर आटतात. पावसाळ्यात वीज गेली की इनक्युबेटर निवतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर असावा आणि तापमान सतत नोंदलं जावं. सहाव्या दिवशी वरचा द्रव काढून गायीच्या इंटरफेरॉन-गॅमाचा एलायझा (प्रमाण मोजणारी चाचणी) करा.

आधी कॉनकॅनाव्हालिनच्या खाचा पाहा. तिथे इंटरफेरॉन वाढलेलं नसेल तर पेशी काम करत नाहीत, थाळी टाका. मग त्याच गायीचा प्रतिजन आणि अडवणूक हा आकडा प्रतिजन आणि नियंत्रण या आकड्याशी ताडा. गायी एकमेकींपासून फार वेगळ्या असतात, म्हणून तुलना नेहमी जोडीने करा. ल्युकेमिया विषाणूच्या गायींत एक फसगत ठरलेली आहे: बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) इतक्या वाढतात की ४ लाखांत टी-पेशी थोड्याच उरतात आणि कमी इंटरफेरॉन हा थकवा वाटतो. अशा गायीत सीडी३ (टी-पेशींची खूण) मोजून टी-पेशींचं प्रमाण आकड्यासोबत लिहा. वासरांत गॅमा-डेल्टा टी-पेशी (टी-पेशींचा एक वेगळा प्रकार) खूप असतात. त्यांची तुलना मोठ्या गायींशी करू नका.