व्हाउचरपासून फायनलायझेशनपर्यंत : अकाउंटंटने आपला पगार कसा वाढवावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील लहान कारखान्याच्या कचेरीत, नवी मुंबईत तुर्भ्याच्या गोदामात किंवा वाशीच्या बाजारातील पेढीवर हिशेबाची नोकरी धरणाऱ्या बी.कॉम. पदवीधराला पहिली दोन-तीन वर्षे पगारवाढीची फारशी चिंता करावी लागत नाही, कारण मूळ पगारच इतका तुटपुंजा असतो की तो वाढवताना मालकालाही जड जात नाही. पेच येतो तो त्यानंतर. दुसऱ्याच्या पैशाचा पैन् पै हिशेब ठेवणारा हा माणूस स्वतःच्या पगाराचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

एका एक्सेल शीटमध्ये आजवरचा प्रत्येक वर्षाचा पगार लिहून वाढीची टक्केवारी काढावी. समजा सुरुवात १८,००० रुपयांवर झाली आणि दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तर दहा वर्षांनी पगार सुमारे ३८,९०० होतो. तीच वाढ सरासरी १२ टक्के पडली, तर ५५,९०० होतो. महिन्याला १७,००० रुपयांचा हा फरक दरवर्षीच्या इन्क्रिमेंटमधून सहसा भरून निघत नाही. तो भरून काढायचा, तर हातातील कामच बदलावे लागते.

नोकरीच्या जाहिरातींत ‘अप टू फायनलायझेशन’, म्हणजे वर्षअखेरीचा ताळेबंद पूर्ण करण्यापर्यंतचे काम, हे शब्द वारंवार येतात आणि माझ्या मते पगाराचा खरा उंबरठा तोच आहे. खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या उताऱ्याशी मेळ), पार्टीचे लेजर जुळवणे, दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएस (देयकांतून आधीच कापलेला आयकर) भरणे, ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र) आणि २० तारखेपर्यंत ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) दाखल करणे, ही कामे अत्यावश्यक असली, तरी ती करणारा दुसरा माणूस मालकाला सहज सापडतो. ताळेबंद पूर्ण करून ऑडिटरच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देणारा माणूस तितक्या सहज सापडत नाही. मी स्वतः पहिली सहा वर्षे टॅलीत बिले चढवण्यात घालवली आणि वर्षअखेरीची कामे सीएच्या कचेरीत परस्पर होत असल्याचे पाहत राहिलो. ती चूक टाळण्याचा मार्ग साधा आहे. ऑडिट संपल्यावर ऑडिटरने सुचवलेल्या सर्व समायोजन नोंदींची यादी मागून घ्यावी, प्रत्येक नोंद का करावी लागली हे विचारून घ्यावे आणि पुढील मार्चमध्ये त्या नोंदी त्यांनी सांगण्याआधीच आपण करून ठेवाव्यात. घसाऱ्याचा तक्ता कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे एकदा आणि आयकराच्या ब्लॉकप्रमाणे (मालमत्तांच्या गटांप्रमाणे) एकदा, असा दोन्ही रीतींनी हाताने तयार करावा. डिफर्ड टॅक्स (दोन हिशेबांतील फरकामुळे पुढील वर्षांवर जाणारा कर) कशाला म्हणतात, हे त्या दोन तक्त्यांतील फरकातून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही वर्गात होत नाही. दोन वर्षे असे केल्यास मुलाखतीत सांगण्यासारखे काहीतरी हाती येते.

ठाणे-नवी मुंबई परिसराची रचनाही लक्षात घ्यावी. ऐरोली, घणसोली, महापे येथील मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांत पगार बरा असतो, परंतु कामाचे तुकडे पाडलेले असतात. एखाद्याकडे वर्षानुवर्षे केवळ व्हेंडरची देयकेच राहतात. लहान कारखान्यात पगार कमी, पण सगळे काम नजरेखालून जाते. म्हणून पहिली तीन-चार वर्षे लहान कंपनीत किंवा सीएच्या फर्ममध्ये आणि त्यानंतर मोठ्या ठिकाणी, हा क्रम मला योग्य वाटतो. न्हावा शेवा बंदराच्या जवळिकीमुळे आयातीवरील आयजीएसटी (केंद्राकडे भरायचा एकात्मिक जीएसटी), बिल ऑफ एंट्रीचा (आयातीच्या सीमाशुल्क कागदाचा) २बीशी, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्याशी, मेळ आणि एलयूटीवरील (कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्रावरील) निर्यातीचा परतावा, या कामांत हात बसलेल्या माणसाला येथील मालवाहतूक व निर्यात कंपन्यांत वेगळा भाव मिळू शकतो.

पदव्यांविषयी थोडक्यात. नुसत्या एम.कॉम.ने पगार फारसा हलत नाही. सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) पूर्ण झाल्यास पायरीच बदलते. ते न जमल्यास निदान इंटर उत्तीर्ण व्हावे, कारण ‘सेमी क्वालिफाइड’ म्हणून अर्ज करता येणाऱ्या जागा वेगळ्या असतात.

वाढ मागण्याची वेळ जानेवारी-फेब्रुवारीची, म्हणजे पुढील वर्षाचे बजेट तयार होत असतानाची. एप्रिलमध्ये पत्रे छापली गेल्यावर मागणे व्यर्थ ठरते. सर्वांच्या इन्क्रिमेंटची तरतूद ज्याच्या हातून होते, त्यानेच उशिरा बोलावे, ही आपल्या व्यवसायातील जुनी गंमत आहे. बोलताना निष्ठेचा उल्लेख टाळावा आणि आकडे मांडावेत : महिन्याचे क्लोजिंग १२ तारखेवरून ५ तारखेवर आणले, २बीमध्ये न दिसणारे इतके क्रेडिट पुरवठादारांच्या मागे लागून मिळवले, ९० दिवसांवरील थकबाकी इतकी घटवली.

नोकरी बदलताना सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरील एकूण वार्षिक खर्च, स्वतः फोडून पाहावी. समजा ६ लाखांची सीटीसी आहे, म्हणजे महिना ५०,०००, आणि बेसिक २५,००० आहे. कंपनीचा पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १,८०० आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्क्यांप्रमाणे सुमारे १,२०३ वजा जाते. मग आपला पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापल्यावर हातात ४४,९९७ उरतात. तोच पीएफ पूर्ण बेसिकवर कापला, तर हाती ४२,५९७ येतात, अर्थात उरलेली रक्कम आपल्याच खात्यात साठते. सीटीसीचा दहावा हिस्सा ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर अवलंबून) असल्यास मात्र दरमहा आणखी ५,००० कमी धरावेत. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण होत आली असतील, तर ग्रॅच्युइटीही मोजावी : २५,००० × १५ ÷ २६ × ५ म्हणजे सुमारे ७२,११५ रुपये. दोन महिने थांबून ही रक्कम मिळत असेल, तर नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागण्यात संकोच करू नये.

राजीनामा लेखी ऑफर लेटर हातात आल्यावरच द्यावा, आणि तो देताना नोटीस पीरियड कोठे संपतो हे पाहावे. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत त्यात अडकली, तर रिलिव्हिंग लेटरही अडकते. जुना पीएफ काढून घेण्याऐवजी यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरून) नव्या खात्यात वर्ग करावा, कारण सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, तर वर्ग केल्यास आधीच्या नोकरीची वर्षेही त्या पाचांत धरली जातात.