आधी डबा, मग वाफा : इंदूरच्या शाळेत परसबाग आणि स्वयंपाक कसा सुरू करावा

शाळेत परसबाग करायची ठरली की बहुतेक ठिकाणी पहिली खरेदी रोपांची आणि खुरप्यांची होते. माझ्या मते पहिले काम मुलांचे डबे पाहण्याचे आहे. एका वर्गाच्या डब्यांची आठवडाभर साधी नोंद ठेवावी : कोणती भाजी आली, किती मुलांनी ती संपवली आणि कोणती तशीच घरी परत गेली. आपल्या रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या घरांतून येणाऱ्या डब्यांत पोहे, पराठा आणि पोळीभाजी ठरलेली असते आणि त्यावर शेव भुरभुरलेली असण्याचीही शक्यता बरीच असते. ही नोंद समोर ठेवून मुलांना आवडणारे किंवा आवडू शकतील असे तीनच पदार्थ निवडावेत आणि त्यांना जे लागते तेवढेच पेरावे. पदार्थ न ठरवता लावलेली वांगी शेवटी शिक्षकांच्या पिशव्यांतून घरी जातात आणि मुलांच्या जिभेला त्यांची ओळख होत नाही.

बागेकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा हिशेबही आधीच करून घ्यावा. पीएम पोषण योजनेत प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलाच्या दुपारच्या जेवणासाठी ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गासाठी ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. तीनशे मुलांच्या प्राथमिक शाळेला याप्रमाणे रोज १५ किलो भाजी लागेल आणि शहरातील शाळेच्या कोपऱ्यातल्या चार-पाच वाफ्यांतून ती निघणे शक्य नाही. त्यामुळे शाळेचे पोट भरण्याचे ओझे बागेवर टाकू नये. जी मेथी घरी ताटाच्या कडेला सारली जाते, तीच स्वतः पेरून, निवडून आणि शिजवून खाण्याची संधी मुलाला मिळाली, तर एवढ्याशा बागेने आपले काम केले असे समजावे.

जागा आणि माती

पालेभाजीला दिवसातून चार तास ऊन पुरते, पण टोमॅटो, भेंडी आणि वेलभाज्यांना सहा तास लागतात. म्हणून जागा पक्की करण्यापूर्वी सकाळी, दुपारी आणि चार वाजता सावली कुठे पडते ते मुलांकडूनच खडूने आखून घ्यावे. रहदारीच्या रस्त्याला लागून असलेली किंवा जुना रंग सोलून पडणाऱ्या भिंतीखालची जागा टाळावी, कारण अशा मातीत शिसे साठलेले असू शकते. दुसरी जागाच नसेल तर बाहेरून आणलेली माती भरून कुंड्यांत लागवड करावी. गच्चीवर बाग करायची असल्यास स्लॅब किती वजन पेलेल हे जाणकाराला विचारल्याशिवाय एकही पिशवी वर चढवू नये, कारण ओल्या मातीचे वजन आपल्या अंदाजापेक्षा नेहमीच जास्त निघते.

माळव्याची काळी माती सुपीक असली तरी लहान मुलांच्या हातांना ती सोपी नाही. पावसात ती फुगून चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात, तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. यावरचा उपाय म्हणजे गादीवाफे. जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच, तीन फूट रुंद आणि जागेप्रमाणे लांब असे वाफे करावेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी वाफ्याच्या मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवण्याची गरज पडत नाही, एवढ्यासाठीच ही तीन फुटांची मर्यादा आहे. चाळीस मुलांच्या वर्गाला पाच वाफे द्यावेत, म्हणजे एका वाफ्याभोवती आठ मुले राहतील. त्याहून गर्दी झाली की निम्मी मुले नुसती उभी राहतात आणि उभ्या मुलांचे हात कुठे वळतात हे शिक्षकांना सांगायला नको.

ज्याला जगभर इंदूर पद्धत म्हणतात

कंपोस्ट खताच्या बाबतीत इंदूरकरांना बाहेरून काही शिकण्याची गरज नाही. १९२४ पासून १९३१ पर्यंत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये यशवंत वाड यांच्या साथीने शेतातील काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी रीत बसवली, ती आजही शेतीच्या पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ या नावानेच ओळखली जाते. ही गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी, कारण २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपल्या गावाचे नाव ऐकत ही मुले वाढली आहेत. ओला आणि सुका कचरा वेगळा करणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते, त्या कचऱ्याचे पुढे काय होऊ शकते हे मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

शाळेसाठी ही रीत अशी करावी. साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच ढीग बसेल अशी सावलीतली जागा निवडावी, कारण याहून लहान ढीग आतून नीट तापत नाही. तळाशी काटक्या पसराव्यात आणि त्यांवर सहा इंच सुका पालापाचोळा, मग दोन इंच शेण किंवा भाज्यांची साले व देठ, आणि वर मूठ-दोन मूठ माती व लाकडाची राख, असे थर एकावर एक रचत जावेत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे. मूठभर पाला पिळला असता हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, इतपतच ओल ठेवावी. शिजवलेले अन्न, तेलकट पदार्थ आणि दूध यांत घालू नये, नाहीतर उंदीर आणि माश्या आल्याशिवाय राहत नाहीत. पंधरा-सोळा दिवसांनी ढीग पहिल्यांदा उलटावा, त्यानंतर ढीग रचून महिना पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा दोन महिने पूर्ण झाल्यावर. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली आहे असे समजून सुका पाला मिसळावा आणि ढीग थंडच राहिला तर शेण किंवा हिरवा पाला कमी पडला आहे असे समजावे. साधारण तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसासारखा वास येणारे खत तयार होते. पावसाळ्यात ढीग खड्ड्यात न करता जमिनीवर करावा, कारण आपल्याकडे खड्ड्यात पाणी साचायला वेळ लागत नाही.

काय आणि केव्हा पेरावे

मध्य प्रदेशात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि उत्साहही त्याच महिन्यात सर्वाधिक असतो, पण बागेला हा महिना मुळीच चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका शाळेत एप्रिलमध्ये मोठा समारंभ करून टोमॅटोची रोपे लावण्यात आली. मे महिन्यात शाळेला कुलूप लागले आणि जूनमध्ये मुले परतली तेव्हा नावांच्या पाट्या तेवढ्या शिल्लक होत्या. एप्रिलमध्ये फक्त डब्यांची नोंद, जागेची आखणी आणि पालापाचोळा गोळा करणे एवढीच कामे घ्यावीत.

पहिली पेरणी पाऊस स्थिरावल्यावर जुलैमध्ये करावी. भेंडी, गवार, चवळी, गिलकी (आपल्या आजीचे घोसाळे) आणि मका ही या हंगामाची पिके आहेत. मका एका लांब ओळीत न लावता चार आखूड ओळींत चौकोनी लावावा, कारण त्याचे परागकण वाऱ्याने पडतात आणि एकाच ओळीतल्या कणसांत दाणे विरळ भरतात. सुमारे अडीच महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, कोवळे भुट्टे हाती येतात.

खरा हंगाम मात्र ऑक्टोबरचा आहे. आपल्याकडची थंडी पालेभाज्यांना मानवते आणि नवख्या हातांनाही ती सहसा निराश करत नाही. मेथी आणि पालक सुमारे महिन्याभरात काढणीला येतात, मुळा पाच-सहा आठवडे घेतो, तर कोथिंबिरीला थोडा धीर धरावा लागतो. मेथी आणि धने घरच्या डब्यातलेच चालतात. मेथी रात्रभर भिजवावी आणि धने लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करून पेरावेत. दाणे जुने वाटत असतील तर दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते मोजावे आणि सातपेक्षा कमी उगवल्यास दाट पेरावे. दुकानातून आणलेले बियाणे गुलाबी किंवा निळे दिसले, तर त्यावर औषध लावलेले आहे हे ओळखून ते मुलांच्या हाती देऊ नये. सगळा वाफा एकाच दिवशी पेरून टाकण्याचा मोह आवरावा. दर पंधरा दिवसांनी एक पट्टा पेरला तर काढणीही टप्प्याटप्प्याने होते आणि दिवाळीच्या सुटीत सगळी मेथी जून होऊन जात नाही.

पाणी सकाळी आणि झाडाच्या बुडाशी द्यावे. अनेक वसाहतींत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे पाण्याची बचत हा येथे केवळ धड्यातला विषय नाही. बिनरंगाचा मातीचा लहान मटका गळ्यापर्यंत वाफ्यात पुरून, पाण्याने भरून झाकून ठेवला तर तो हळूहळू झिरपत राहतो आणि शनिवार-रविवारची काळजी मिटते. चवळीवर मावा ही बारीक कीड दिसली तर आधी पाण्याचा फवारा मारून पाहावा. ती टिकून राहिली तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारणी मोठ्यांनी करावी. याहून कडक औषध शाळेच्या बागेत आणूच नये.

वाफ्यातून ताटात

काढणीच्याच दिवशी काहीतरी शिजले पाहिजे, हा नियम मी फार महत्त्वाचा मानते. लहान मुलांनी मेथी निवडावी, मटार सोलावेत आणि कोथिंबीर तोडावी. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांनी मोठ्यांच्या नजरेसमोर लहान सुरीने चिरावे. गॅस आणि तवा मात्र मोठ्यांकडेच राहावा. दाणे, तीळ किंवा दूध कोणाला चालत नाही, हे पालकांकडून आधीच लेखी घ्यावे.

पहिला पदार्थ म्हणून मेथीचे थालीपीठ उत्तम, कारण त्यात मेथीचा कडवटपणा दबतो. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, दोन गच्च वाट्या चिरलेली मेथी, एक बारीक चिरलेला कांदा, चमचाभर तीळ, थोडा ओवा, हळद, तिखट आणि मीठ एकत्र करून कोमट पाण्याने मऊ भिजवावे. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोके पाडून तव्यावर टाकावे, कडेने तेल सोडावे आणि झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. एवढ्यात मध्यम आकाराची आठ-नऊ थालीपिठे होतात आणि दुपारपर्यंत डब्यात मऊ राहतात. सोबत लिंबाची फोड द्यावी, कारण पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्व मदत करते.

मुळा उपटल्यावर मुले पाला टाकून देतात, आणि खरे तर सगळ्यात चवदार भाग तोच असतो. पाला बारीक चिरून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर लसणीच्या फोडणीत परतला की दहा-बारा मिनिटांत भाजी होते. मुळ्याची कोशिंबीर किसलेले गाजर, दही आणि दाण्याचे कूट घालून करावी. तीत मोड आलेले मूग घालायचे असल्यास ते आधी वाफवून घ्यावेत, कारण कच्च्या मोडांत जंतू सहज वाढतात. सप्टेंबरच्या भुट्ट्याचा कीस करताना कणसे किसून, जिरे-हिंगाच्या फोडणीत परतून, दूध घालून मंद आचेवर आळू द्यावे. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळणाऱ्या किसापेक्षा घरच्या किसात तूप निम्मे असले तरी चव कमी होत नाही.

पोह्यांशी भांडू नये. इंदुरात ते भांडण कोणीही जिंकलेले नाही. वाफेवरच्या पोह्यांत मूठभर मटार आणि किसलेले गाजर घालावे, वाफ्यातली कोथिंबीर सढळ हाताने पेरावी आणि शेव चिमूटभरच ठेवावी. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्यात मीठ असतेच, तेव्हा पोह्यांना मीठ लावताना हात आखडता घ्यावा. शाळेच्या उपाहारगृहाबद्दल बोलायची वेळ आली तर पालकांनी हे लक्षात ठेवावे की, २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत.

मे महिन्याची किल्ली

मार्चमध्ये परीक्षा लागण्यापूर्वी शेवटची काढणी उरकावी, वाफ्यांत खत मिसळून वर चार इंच पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि त्यांना विश्रांती द्यावी. उन्हाळ्यात राहतील ती शेवगा, कढीपत्ता आणि लिंबाची झाडे. या झाडांना आठवड्यातून दोनदा पाणी कोण घालणार आणि फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार, हे मार्चच्या पालकसभेतच ठरवून कागदावर लिहावे. शेजारच्या सोसायटीतील निवृत्त मंडळी किंवा महिला मंडळ ही जबाबदारी बहुधा आनंदाने घेते, पण त्यांना शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता मोकळेपणाने नेण्याची मुभा असावी. किल्ल्या दोन कराव्यात आणि दोन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात, कारण मे महिन्यात एक घर हमखास गावाला गेलेले असते.