बोटचेपी म्हणजे नेमकी किती? शिजवताना या चुका टाळा

'डाळ शिजेपर्यंत शिजवा' असं लिहिणाऱ्याला ती केव्हा शिजते ते ठाऊक असतं. पंचाईत वाचणाऱ्याची होते. माझी भाची डेन्व्हरला राहते. होळीला तिचा फोन आला, "मामी, तू चार शिट्ट्या म्हणालीस, मी सहा केल्या, तरी पुरणात कण्या राहिल्यात." तिचं काही चुकलं नव्हतं. शिट्ट्या सांगितल्या मी, तिथेच घोळ झाला.

शिट्ट्यांवर भरवसा

मोठ्या आचेवर चार शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर त्यांनाच कितीतरी वेळ लागतो. प्रत्येक कुकरची तऱ्हा वेगळी. त्यापेक्षा पहिली शिट्टी झाली की आच मंद करून मिनिटं मोजा. दोन-तीन तास भिजवलेल्या हरभरा डाळीला साधारण १२ ते १५ पुरतात. त्यात डेन्व्हर सुमारे १६०० मीटर उंचावर. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये फरक कमी पडतो, पण पडतोच. महाबळेश्वरला सहलीत पातेल्यात वरण लावून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी खूण बोटांची. पुरणाची डाळ दिसायला अख्खी हवी, पण चिमटीत धरल्याबरोबर तिचं पीठ व्हायला हवं, मध्ये कणी लागता कामा नये. याला बोटचेपी म्हणायचं. आख्खी दिसते म्हणून कच्ची समजून पुन्हा कुकर लावलात, तर लगदा होतो, कटाचं पाणी निथळत नाही आणि पुरण सैल राहतं. उलट कणी राहिली असताना गूळ घालाल तर फसलातच, कारण गूळ पडला की डाळ पुढे मऊ होईनाशी होते. म्हणून बोटाने बघायचं ते गुळाच्या आधी. गूळ घालून आटवल्यावर पुरणात कालथा उभा राहिला की गॅस बंद.

भाचीचं पुरण मग मिक्सरमधून काढावं लागलं. पोळ्या झाल्या, फाटल्या नाहीत, एवढंच.

आंबट आधी घालणं

चिंच, आमसूल, टोमॅटो डाळीबरोबरच कुकरमध्ये ढकलायची सवय असेल तर सोडा. आंबटाने दाण्याचं साल आणि गर घट्टच राहतो. डाळ शिजली, घोटली, की मग आंबट. बोअरच्या जड पाण्यातही कडधान्यं हटून बसतात. वर्षभर डब्यात पडलेला हरभरा तर रात्रभर भिजवूनही दाद देत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर लवकर मऊ पडतं, पण ब जीवनसत्त्वातला काही भाग जातो आणि चवही साबणासारखी लागते. मी शक्यतो घालत नाही.

प्रत्येक कडधान्य मात्र बोटचेपं नको. वालाचं बिरडं जरा दुर्लक्ष झालं की फुटतं, म्हणून झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर, चमच्याने न ढवळता, भांडं नुसतं हलवत शिजवायचं. मोड आलेली मटकी मिसळीला हवी असेल तर दाताखाली जरा ठाम लागू द्या, वरून कट पडणारच असतो.

राजम्याला मात्र 'जरा ठाम' चालत नाही. अर्धकच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य उलट्या-जुलाब करतं. भिजवलेलं पाणी फेका आणि निदान १० मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तो थेट टाकू नका. आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये ही भीती नाही.

भात कशासाठी, हे न ठरवता लावणं

मसालेभाताला मोकळा, वरणाबरोबर मऊसर, आजारी माणसाला आसट किंवा गुरगुट्या. पाण्याचं एकच प्रमाण सगळ्याला लावलं की कुठेतरी फसतं. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. वाफेत दाणा सावरतो, नाहीतर वरचा कचवट आणि खालचा गिच्च. दहीभातासाठी भात नेहमीपेक्षा मऊ शिजवा, कारण गार झाला की तो टणक होतो. फोडणीच्या भाताला मात्र तोच टणकपणा कामी येतो, म्हणून तो रात्रीच्या शिळ्या भाताचाच चांगला होतो.

बटाटा फुटेपर्यंत उकडणं

साल तडकलं की बटाटा पाणी पितो आणि वड्याचं सारण चिकट होतं. गार पाण्यात घालूनच गॅसवर ठेवा. सुरी टोचून उचला. बटाटा आपसूक सुटून पडला की झालं. अंडं उकळत्या पाण्यात ९-१० मिनिटांत घट्ट होतं. पुढे उकळत राहिलात तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. काढल्याबरोबर गार पाण्यात टाका.

पाक डोळ्यांनी ओळखणं

फेस आला म्हणजे पाक झाला असं नाही. शेजारी वाटीत गार पाणी ठेवा आणि गुळाच्या पाकाचा थेंब त्यात टाका. विरघळला तर अजून आटवायचा. बोटांनी मऊ गोळी वळता आली तर लाडवाला ठीक. चिक्कीला थांबायचं ते थेंब कडक होऊन कटकन मोडेपर्यंत. या दोन्हींत मिनिटभराचंच अंतर असतं, तेव्हा तीळ आधीच भाजून हाताशी ठेवा आणि त्या मिनिटात कुणाचाही फोन घेऊ नका, भाचीचासुद्धा.