ठसा आधी, डिंक शेवटी: हाताने कार्ड बनवताना या चुका टाळा

स्टॅम्प आणि डाय (कागद ठरावीक आकारात कापणारा धातूचा धारदार साचा) वापरून केलेलं कार्ड बिघडलं की पहिला संशय स्वतःच्या हातावर येतो. 'माझा हातच स्थिर नाही' हे या छंदात पडलेल्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतं. बिघडलेली कार्डं शेजारी शेजारी मांडून पाहा, हात बहुतेकदा निर्दोष निघतो. गडबड असते ती क्रमाची. नंतर करायचं ते आधी उरकलेलं असतं, नाहीतर पुढची पायरी कोणती याचा विचार न करताच शाई उचललेली असते.

सगळ्यात जास्त कार्डं वाया जातात ती शब्दांच्या ठशापायी. फुलं कापली, फोम टेपवर चढवून चिकटवली, मागे रंगीत थर लावला आणि मग उरलेल्या जागेत 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' उमटवायला घेतलं. आता खालचा कागद सपाट कुठे राहिलाय? स्टॅम्पचा ठोकळा एका बाजूने पाकळीवर टेकतो, दुसरीकडे अधांतरी राहतो. 'वाढदिवसाच्या' ठसठशीत येतं आणि 'शुभेच्छा' निम्म्याच. तोवर सगळं चिकटलेलं असतं, त्यामुळे पूर्ण कार्डच हातचं जातं. म्हणून सगळे ठसे सुट्या कागदावर, सपाट टेबलावर, काहीही चिकटवण्याआधी उमटवा. बिघडलाच तर एक तुकडा जाईल. शब्द उमटवायचे राहूनच गेले असतील तर कागदाच्या वेगळ्या पट्टीवर उमटवून ती पट्टी लावा. पट्टी मुद्दाम ठरवून लावल्यासारखी दिसते.

चित्राचा स्टॅम्प आणि त्याच आकाराची जोडीची डाय असेल तर तिथेही ठसा आधी. तो सुकला की डाय भोवती ठेवायची, चारी बाजूंची पांढरी कड सारखी दिसतेय ना ते पाहायचं, कमी चिकट टेपने ती जागेवर धरायची आणि मग डाय कागदावर दाबणाऱ्या, हँडलच्या मशीनमधून काढायची. आधी कापून नंतर नेमका ठसा बसवणं हे विनाकारण ओढवून घेतलेलं संकट आहे. याला अपवाद एकच. एकसारखी बरीच कार्डं करायची असतील आणि झाकणवालं स्टॅम्पिंगचं उपकरण हाताशी असेल, तर कापून उरलेली कागदाची खिडकी त्या उपकरणाच्या कोपऱ्यात टेपने पक्की करा. कापलेला तुकडा खिडकीत बसवा, त्यावर स्टॅम्प नीट जुळवा आणि झाकण दाबून तो झाकणाला चिकटू द्या. यापुढे प्रत्येक नवा तुकडा त्याच खिडकीत बसतो आणि ठसा त्याच जागी पडतो.

शाई पुढची पायरी पाहून निवडा

काळी शाई म्हणजे काळी शाई, असं समजून चालत नाही. ठशात अल्कोहोल मार्करने रंग भरायचे असतील तर त्या मार्करला टिकणारी डाय इंक घ्या (ही 'डाय' म्हणजे विरघळलेला रंग, कापायच्या डायशी तिचा संबंध नाही). तसं पॅडवर लिहिलेलं असतं. एरवी पक्की म्हणून नावाजलेली तेलयुक्त पर्मनंट शाईही अल्कोहोलपुढे विरघळते आणि गुलाबी पाकळी कडेने मळकट होते. जलरंगांचं गणित बरोबर उलटं. तिथे ही पाण्याला न जुमानणारी शाई लागते आणि साधी डाय इंक ब्रश लागताच पसरते. गडद कागदावर डाय इंक दिसतच नाही, कारण ती पारदर्शक असते. तिथे पांढरी पिगमेंट इंक (रंगाचे बारीक कण असलेली, अपारदर्शक शाई) किंवा पांढरी एम्बॉसिंग पावडर (ओल्या ठशावर टाकून उष्णतेने वितळवली की उठावदार रेघ देणारी पूड) हवी. प्लॅस्टिकच्या पारदर्शक शीटवर पाण्याची शाई तशीच ओली राहते आणि बोट लागलं की फराटा उठतो, म्हणून तिथे सॉल्व्हंट इंक, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकातली शाई. शंका असेल तर रद्दी तुकड्यावर ठसा मारा, सुकू द्या आणि वरून मार्कर फिरवून पाहा.

एम्बॉसिंग पावडरला तर ओलीच शाई लागते. डाय इंक पावडर पडेपर्यंत सुकते, म्हणून हळू सुकणारी पिगमेंट किंवा खास एम्बॉसिंगची शाई वापरा. पावडरचे चुकार कण भलतीकडे चिकटत असतील तर दोष बोटांच्या तेलकटपणाचा आणि कागदावरच्या स्थिर विजेचा. ठसा मारण्याआधी कागदावरून अँटी-स्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवली की काम भागतं. हीट गन (पावडर वितळवणारं गरम हवेचं उपकरण) कागदाकडे नेण्याआधी थोडा वेळ नुसतीच चालू ठेवा. पावडर चमकली की लगेच पुढे सरका, कारण जास्त तापवली तर ती कागदात मुरते आणि रेघ तेलकट, निस्तेज दिसते. केस वाळवायचा ड्रायर इथे कामाचा नाही. त्याची हवा जोरात असते आणि उष्णता अपुरी, त्यामुळे पावडर वितळण्याआधीच उडते.

ठसा ठिपकेदार येतोय?

नवा कोरा पारदर्शक स्टॅम्प पहिल्यांदा हमखास रुसतो. साच्यातून निघताना त्यावर तेलकट थर राहतो आणि शाई थेंबाथेंबाने गोळा होते. पांढरं खोडरबर त्यावरून हलक्या हाताने फिरवा. सॅंडपेपरने घासायचा सल्ला ऐकलात तर सोडून द्या, बारीक रेघा कायमच्या जातात. भरीव आकाराचा ठसा फिका पडत असेल तर कागदाखाली पातळ फोमची गादी ठेवा. इंकपॅड स्टॅम्पवर दाबू नका, हळूच थोपटा. ठोकळा कागदावर डुलवलात की कडेची शाई टेकून चित्राभोवती नकोशी सावली पडते. फोटोपॉलिमरचे (एका प्रकारच्या मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकचे) स्टॅम्प साध्या पाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या ओल्या टिशूने पुसा आणि उन्हापासून दूर ठेवा. त्यांच्यावर रंगाचा डाग राहिला तर राहू द्या, ठशाला त्याने काही होत नाही.

डाय कापत नाही तेव्हा

आधी पाहा, धारेची बाजू कागदाकडे आहे का? हसू नका, बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. धार बरोबर असूनही मधलाच भाग कापला जात नसेल तर मशीनमध्ये डाय आणि कागदाच्या वर-खाली ठेवायच्या प्लेटा वाकल्या असतील. एकाच बाजूने सतत वापरल्या की त्या कमानीसारख्या होतात, म्हणून दर खेपेला उलटवा आणि फिरवा. तरीही जमलं नाही तर साधा छपाईचा एक कागद वर घालून पाहा. वाढवायचं झालं तर एकेकच कागद वाढवा. हँडल अडलं की जोर लावू नका, थर कमी करा. जाळीदार डायमध्ये कागद अडकून फाटतो. डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवला की सुटतो. लांब सरळ कडेची डाय थोडी तिरकी ठेवा, म्हणजे सगळी धार एकदम रोलरखाली येत नाही. प्लेटांचा कडकड आवाज नेहमीचाच, घाबरू नका. एम्बॉसिंग फोल्डरसाठी (कागदावर उठावाची नक्षी दाबणारा प्लॅस्टिकचा दुघडी साचा) मात्र प्लेटांची रचना वेगळी असते, डायचीच ठेवलीत तर फोल्डर तडकू शकतो.

घडी आणि डिंक

घडीवर कागदाला भेगा पडतात त्या बहुधा तंतूंच्या दिशेमुळे. कागद न मोडता दोन्ही दिशांना हलकेच वाकवून पाहा. जिकडे सहज वाकतो, तिकडची घडी स्वच्छ येते. ए-फोर कागदाची लांबी निम्मी केली किंवा रुंदी निम्मी केली, तरी घडी घातल्यावर कार्ड शेवटी 105 बाय 148 मिलिमीटरच्या आसपासच होतं. घडी मात्र पहिल्या प्रकारात लांब बाजूला येते आणि दुसऱ्यात आखूड. त्यामुळे एका पद्धतीत भेगा पडत असतील तर दुसरी करून पाहा. मुख्य कार्डाला 250 ते 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद घेतला तर कार्ड उभं राहतं. घडीच्या रेघेचा उंचवटा आतल्या बाजूला ठेवायचा.

पातळ डिंकाने कागद फुगतो, म्हणून बारीक ठिपकेच द्या. नाजूक अक्षरांच्या मागे डिंक लावत बसण्यापेक्षा, कापण्याआधीच कागदाला मागून दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शीट लावा आणि मग डाय चालवा. कापून निघालेलं अक्षर स्टिकरसारखंच हातात येतं.

टपालाने धाडायचं असेल तर फोमचा एकच थर पुरे. 105 बाय 148 च्या कार्डाला सी-सिक्स, म्हणजे 114 बाय 162 मिलिमीटरचं पाकीट लागतं. पिगमेंट शाईचा ठसा असेल तर कार्ड रात्रभर उघडंच ठेवा, नाहीतर शाई पाकिटाच्या आतल्या बाजूला उमटते.